सुपर मारिओ ब्रदर्स २: वीस लेव्हल, चौघांना पाच-पाच. वाटणी कशी करायची?

वजाबाकी

प्रश्न साधा आहे, पण कागदावर मांडला की उत्तर निसटतं, म्हणून धागा काढतोय.

१९८८ सालचा, एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या गेम-यंत्रावरचा सुपर मारिओ ब्रदर्स २. भाज्या उपटून फेकायच्या, तोच. प्रत्येक लेव्हलआधी मारिओ, लुइजी, टोड, प्रिन्सेस असे चौघं समोर उभे राहतात आणि त्यातला एक निवडायचा. गेम संपला की कुणी किती लेव्हल पार केल्या त्याचे आकडे दिसतात. माझे आकडे दर वेळी तेच. प्रिन्सेसच्या नावावर ढीगभर, टोडच्या नावावर दोन-चार, मारिओ आणि लुइजी यांच्या पदरात भोपळा. बॉसला हरवून झालेलं असतं, सगळे नाचत असतात, आणि मला मात्र ते दोन भोपळे टोचत राहतात.

तर या वेळी मला तिथे ५-५-५-५ बघायचं आहे. पहिल्या सहा वर्ल्डमध्ये तीन-तीन लेव्हल आणि सातव्यात दोन, एकूण वीस. चाराने नि:शेष भाग जातो हे लक्षात आलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. (माझा आयडी बघून काय ते समजा.)

अटी अशा. वार्प (मधले वर्ल्ड गाळून पुढे नेणारी चोरवाट) वापरायचा नाही, वापरला तर वीस भरणारच नाहीत. कंटिन्यू (सगळ्या लाइफ संपल्यावर मिळणारी पुन्हा संधी) वापरायचा नाही, हिशोब स्वच्छ राहायला हवा. खेळायचं मूळ एनईएसच्या आवृत्तीवरच. म्हणजे मधेच लाइफ गेली तरी नायक बदलता येणार नाही, निवडला त्याच्याशीच लेव्हल संपेपर्यंत संसार.

टोडच्या पाच लेव्हल झटक्यात ठरल्या. प्रिन्सेसला तर निम्मा गेम देता येईल, तिचं कापायचं काय एवढाच प्रश्न. लुइजीचंही जमेल असं दिसतंय. घोडं अडतंय ते मारिओपाशी. कुठलीही लेव्हल घेतली तरी तिथे त्याच्यापेक्षा बरा कुणीतरी असतोच. ज्याच्या नावाचा गेम आहे त्यालाच द्यायला काही नाही, हे मला अजून पटत नाहीये.

कुणी अशी वाटणी करून खेळलं असेल तर सांगा. आगाऊ धन्यवाद. "सगळं प्रिन्सेसनेच खेळ" हा सल्ला मात्र नको, तो ऐकूनच ही वेळ आली.

---

कुरकुर

सगळं प्रिन्सेसनेच खेळा.

बरं, रागावू नका. पण लोक असं का म्हणतात तेही बघा. हा गेम माणसाला मारतो ते मुख्यतः खड्ड्यात पाडून. शत्रू अंगाला लागला तर एक हृदय जातं, सुरुवातीला दोन असतात, चुकीला जागा असते. खड्ड्याला ती नाही. आणि प्रिन्सेस उडीनंतर बटण दाबून धरलं की हवेत सरळ रेषेत दीड सेकंद तरंगते. म्हणजे मरणाचं सगळ्यात मोठं कारणच तिने निकालात काढलं. बदल्यात काय द्यावं लागतं? उपटायला उशीर आणि ओझं घेऊन पळताना वेग कमी. स्वस्तात सौदा.

समान वाटणी वगैरे ठीक आहे, पण गेमने स्वतःच ती केलेली नाही.

---

भाजीफेक

वजाबाकी, धागा वाचून फार बरं वाटलं. ५-५-५-५ मी केलेलं आहे, वार्प न घेता, आणि होतं. खाली सांगते. पण त्याआधी कुरकुर यांच्या सौद्याबद्दल, कारण वाटणीचं मूळ तिथेच आहे.

लोक चौघांना उडीवरून जोखतात. या गेममध्ये उडी हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा हातात आहे. रिकाम्या हाताने चौघंही सारख्याच वेगाने पळतात. विश्वास बसत नसेल तर सपाट जमिनीवर करून बघा. फरक पडतो तो डोक्यावर काही घेतल्यावर. टोड ओझ्याने मंदावतच नाही, मारिओ त्याच्या मागे, आणि लुइजी नि प्रिन्सेस रेंगाळतात. उपटण्याचंही तसंच: टोड पहिला, मग मारिओ, मग लुइजी, प्रिन्सेस शेवटी. थोडक्यात टोड हा हमाल आहे. त्याच्याकडून उड्यांची अपेक्षा ठेवायची नाही आणि ओझं असेल तिथे दुसऱ्याला पाठवायचं नाही.

म्हणून वर्ल्ड २ पूर्ण टोडचं. डोळे मिटून. तिथे वाळू खणत खाली जायचं असतं आणि वरून शत्रू तुमच्या मागोमाग त्याच भोकात उतरतात. टोड इतक्या भराभर खणतो की ते पोहोचेपर्यंत हा खाली पसार. हेच प्रिन्सेसला घेऊन करा, मग दीड सेकंद तरंगण्याचा काय उपयोग होतो ते कळेल. वाळूत तरंगायला जागाच नाही. २-३ च्या, म्हणजे दुसऱ्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलच्या, शेवटी ट्रायक्लाइड, तीन तोंडांचा साप. आधी मशरूमचे ठोकळे रचून आगीच्या आड भिंत उभी करायची आणि मग उरलेले ठोकळे त्याच्यावर भिरकवायचे. उचल, ठेव, उचल, फेक, म्हणजे पुन्हा हाताचंच काम.

टोडची चौथी ६-१. तिथे गुहेत रांजणांची रांग आहे आणि त्यातल्या एकात किल्ली. किल्ली उचलली की फँटो जागा होतो, तो मुखवटा, आणि दारापर्यंत पाठ सोडत नाही. ओझं घेऊन पळायचं म्हटल्यावर टोडच. (फँटो अगदी डोक्याशी आला तर किल्ली टाकून द्या. हातातून सुटली की तो निघून जातो. पुन्हा उचलली की पुन्हा येतो, पण मधे श्वास घ्यायला मिळतो.) पाचवी शेवटची, ७-२. तिथल्या शेवटच्या बॉसला, वार्टला, भाज्यांचा तिटकारा आणि त्याच्याच खोलीतलं यंत्र भाज्या बाहेर टाकत असतं. त्या झेलून, त्याने बुडबुडे सोडायला तोंड उघडलं की नेमक्या आत फेकायच्या. भाजी हातात असताना न मंदावणारा माणूस तिथे सोन्यासारखा.

प्रिन्सेसला अख्खं वर्ल्ड ४ द्या. बर्फावर चौघंही घसरतात, पण घसरत घसरत काठावरून सुटलात तर परत वळायची सोय तिच्याकडेच आहे. ४-२ मध्ये व्हेलच्या पाठींवरून आणि त्यांच्या कारंज्यांमधून जायचं, ते इतर तिघांसोबत जिवावरचं आहे आणि तिच्यासोबत फिरायला निघाल्यासारखं. मग ५-१, जिथे धबधब्यातून उसळणाऱ्या माशांच्या डोक्यावर पाय ठेवत पलीकडे जायचं. आणि ६-२, जिथे बराचसा प्रवास अल्बाटॉस पक्ष्याच्या पाठीवरून होतो आणि एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जाताना नेम चुकला तर सावरता येतं. झाल्या पाच.

लुइजी: १-३, ३-१, ३-३, ५-३, ७-१. याचं कारण एका वाक्यात सांगते. जिथे वर जायचं तिथे तो. सगळ्यांत उंच उडी त्याची, आणि खाली बसून अंग चमकायला लागेपर्यंत थांबलात आणि मग उडी मारलीत तर तो कुठल्या कुठे पोहोचतो. ती बसून मारायची उडी चौघांनाही येते, पण लुइजीच्या हातून तिचं सोनं होतं. फक्त त्याचे ते हवेत पाय झाडणं बघून घाबरू नका. तो हळू उतरतो, त्यामुळे कुठे टेकणार याचा अंदाज मारिओच्या सवयीने बांधाल तर पुढे जाऊन पडाल. ७-१ ला ढगांवर हे जाणवतंच.

आता मारिओ. उरल्या १-१, १-२, ३-२, ५-२, ६-३. मोजून बघा, पाच आहेत.

तुम्ही म्हणाल की हे तर उरलंसुरलं झालं. हो, झालंय. पण मी उलट बाजूने बघते. या पाच लेव्हल अशा आहेत की तिथे कुणा एकाची गरजच पडत नाही. थोडं खणणं, थोडी उडी, थोडी पळापळ, एखादा बॉम्ब लावून भिंत फोडणं. १-२ मध्ये किल्ली आहे, पण अंतर जास्त नाही. ५-२ मध्ये वेली आणि त्यांवर वर-खाली फिरणारे हूपस्टर किडे, तिथे धांदल न करणं हीच युक्ती. ६-३ ला सुरुवातीच्या सरकत्या वाळूत जवळजवळ बुडून खडकाखालून गेलात तर एक दार सापडतं आणि लेव्हलचा मोठा तुकडा टळतो. ते दार शोधायला मारिओच हवा असं नाही, पण मारिओच्या लेव्हलमध्ये थोडी लबाडी चालवून घ्यावी.

मला तर मारिओच्या लेव्हल खेळताना गेम सगळ्यांत स्वच्छ दिसतो. बाकी तिघांसोबत मी त्यांची करामत खेळत असते. मारिओसोबत समोर जे आहे तेच खेळावं लागतं.

---

तळटीप

भाजीफेक यांचा प्रतिसाद फार आवडला. मारिओला स्वतःची अशी लेव्हल का नाही, या वजाबाकींच्या प्रश्नाला थोडी जुनी पार्श्वभूमी आहे. इथल्या अनेकांना माहीत असेल, तरी टाकतो.

हा गेम मुळात मारिओचा नव्हताच. जपानमध्ये १९८७ साली फॅमिकॉम डिस्क सिस्टमवर (एनईएसच्या जपानी रूपाला जोडायचं डिस्क-यंत्र) "युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक" नावाचा गेम आला. फुजी टेलिव्हिजनचा त्या वर्षी युमे कोजो नावाचा मोठा कार्यक्रम होता, त्यातली पात्रं या गेममध्ये घेतली होती. इमाजिन, मामा, लीना आणि पापा असं चौघांचं अरबी वळणाचं कुटुंब. इमाजिनच्या जागी पुढे मारिओ आला, मामाच्या जागी लुइजी, लीनाच्या जागी प्रिन्सेस आणि पापाच्या जागी टोड. लुइजीची उंच उडी ही मूळची मामाची. टोडसारख्या चिमुकल्या जिवात एवढी ताकद कुठून आली असं ज्यांना वाटतं त्यांनी पापाचं चित्र बघावं. अंगापिंडाने भरलेला, पगडीवाला बाप आहे तो.

त्याच्याही मागे गेलं तर एक प्राथमिक नमुना होता. दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे की त्यात पडदा आडवा नव्हे तर उभा सरकत होता. दोन खेळाडूंनी मिळून ठोकळे रचत, एकमेकांना उचलून फेकत वर चढायचं. ते पुरेसं रंगेना, तेव्हा मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी आडवं सरकणंही त्यात आणायला सांगितलं. मला वाटतं, या गेममध्ये एवढ्या शिड्या, वेली, मनोरे आणि उचलाउचली का, याचं मूळ तिथे आहे.

आता मुद्द्यावर येतो. डोकी डोकी पॅनिकमध्ये खरा शेवट बघायचा तर चौघांपैकी प्रत्येकाने गेम पूर्ण करावा लागे. डिस्कवर चौघांची प्रगती वेगवेगळी साठवली जाई. याचा अर्थ असा की रचनाकारांना प्रत्येक लेव्हल चौघांनाही पार होईल अशीच बांधावी लागली. एकही खड्डा फक्त लीनाच ओलांडेल असा चालला नसता, एकही कडा फक्त मामाच गाठेल असा चालला नसता. अमेरिकेसाठी मारिओची आवृत्ती बनवताना साठवण्याची सोय गेली आणि दर लेव्हलला नायक बदलण्याची मुभा आली. लेव्हल मात्र त्याच राहिल्या. म्हणून या गेममध्ये कुलूप कुठेच नाही, नुसता कल आहे.

आणि चौघांनाही जमेल अशी लेव्हल बांधायची तर मधल्या माणसाला समोर ठेवूनच मापं घेतली जाणार, असं मला वाटतं. मधला माणूस म्हणजे इमाजिन, म्हणजे मारिओ. मोजपट्टीला स्वतःची लांबी विचारून उपयोग नाही.

अवांतर: बी बटण दाबून पळणं हेही मारिओच्या आवृत्तीतच आलं, डोकी डोकी पॅनिकमध्ये ते नाही. एक हृदय उरल्यावर छोटं होणंही नवीन. पाचव्या वर्ल्डचा बॉस क्लॉग्रिप, तो खेकडा, हाही नंतरची भर, आधी तिथे माउजर, तो बॉम्ब फेकणारा उंदीरच होता. आणि जादूचं औषध फेकून दार उघडतो ना आपण, तिथे मूळ गेममध्ये दिवा होता. जपानला ही मारिओवाली आवृत्ती १९९२ मध्ये "सुपर मारिओ यूएसए" या नावाने मिळाली.

---

कुरकुर

तळटीप, "कुलूप नाही, कल आहे" हे मान्य. पण तीच मला या गेमची कमजोरी वाटते. नायक निवडायला लावता आणि मग कुणीही निवडला तरी चालतं, तर निवडीला वजन काय राहिलं?

याच्या बरोबर उलट टोकाला द लॉस्ट वायकिंग्ज बघा, १९९३ चा. एरिक उडी मारतो आणि डोक्याने भिंत फोडतो, बॅलिऑगकडे तलवार आणि धनुष्य, ओलाफकडे ढाल. एकाचं काम दुसरा करूच शकत नाही आणि तिघेही दारापर्यंत पोहोचल्याशिवाय लेव्हल संपत नाही. एक जरी मेला तरी पुन्हा पहिल्यापासून. तिथे वाटणीचा धागा काढायची वेळच येत नाही, कारण गेमनेच ती करून ठेवली आहे.

आणि सरसकट समान नायक दिल्यावर खेळणारे काय करतात तेही माहीत आहे. एनईएसचा १९८९ चा टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स. चार कासवं, प्रत्येकाची वेगळी ताकद-पट्टी, कधीही बदला. तर सगळे डोनाटेलोने खेळतात, कारण त्याची काठी लांब आणि मारही दणदणीत. राफाएल कशासाठी? डोनाटेलोची पट्टी वाचवायला मार खाण्यासाठी. ही तुमची मोकळी निवड.

---

भाजीफेक

कुरकुर, वायकिंग्ज मलाही प्रिय आहे, पण ते कोडं आहे. उत्तर एकच असतं आणि ते रचणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतं. तीन वायकिंग म्हणजे तीन किल्ल्या, आपण फक्त कुठली कधी लावायची ते शोधतो. तिथे मी "या वेळी ओलाफला जरा जास्त खेळवू" असं म्हणूच शकत नाही.

टर्टल्सचं म्हणाल तर तुमचा मुद्दा बरोबर, उदाहरण चुकीच्या बाजूचं. तिथे चौघांत फरक फक्त हत्याराचा आहे. उडी तीच, चाल तीच. म्हणून एकच मोजमाप उरतं आणि त्यात डोनाटेलो पहिला येतो. मारिओ २ मध्ये दोन मोजमापं आहेत, उडी आणि हात, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध बसवली आहेत. ज्याला उडी त्याला हात नाही. प्रिन्सेस सगळ्यांत वरचढ वाटते याचं कारण ती वरचढ आहे हे नसून, खड्डा चुकला की लगेच कळतं आणि वाळूत गेलेला वेळ कळत नाही, हे आहे.

मधला रस्ता बघायचा असेल तर कॅसलव्हेनिया ३ घ्या, जपानमध्ये १९८९ च्या अखेरीस आलेला. ट्रेव्हर बेलमाँट कायम, आणि सोबत तिघांपैकी एकच: भिंतींना चिकटणारा ग्रँट, मंत्र टाकणारी सायफा किंवा वटवाघूळ होणारा अल्युकार्ड. दोघांत ताकदीची पट्टी एकच, त्यामुळे एकाला मार खायला पुढे करण्याचा राफाएल-उद्योग बंद. आणि दुसरा घ्यायचा तर पहिल्याला निरोप द्यावा लागतो. तिथे निवडीला वजन आहे आणि कुलूपही नाही. तरीही मला विचाराल तर मी मारिओ २ कडेच परत येते, कारण दर लेव्हलच्या दारात नवा डाव मांडता येतो.

---

वजाबाकी

भाजीफेक, तळटीप, दोघांचे आभार. यादी कागदावर उतरवून घेतली. वीसच्या वीस जुळतात, दोनदा बेरीज केली.

दोन शंका आहेत.

पहिली ४-३ बद्दल. सुरुवातीला बर्डोच्या (तोंडातून अंडी फेकणारा शत्रू) अंड्यावर बसून पाणी ओलांडायचं, ते प्रिन्सेसने छान होतं, मान्य. पण शेवटी फ्रायगाय आहे. मशरूमचे ठोकळे उचलून त्या आगीच्या गोळ्याला मारायचे, आणि मग तो फुटून त्याचे छोटे छोटे चार होतात आणि सैरावैरा उड्या मारत सुटतात. तिथे तिचा संथ हात आड येणार. तुमच्याच तत्त्वाने तिथे टोड हवा ना?

दुसरी हृदयांबद्दल. ७-२ ला टोडने जायचं तर वाटेत मार खाणार हे गृहीत धरतो. तिथे चार हृदयं करून घेण्याएवढे मशरूम मिळतात का, की दोनावरच भागवायचं?

कुरकुर, तुम्ही राफाएलला मार खायला ठेवता हे वाचून माझ्यातला हिशोबनीस हळहळला.

---

भाजीफेक

४-३ ला तत्त्वं दोन आहेत आणि ती भांडतात, ते बरोबर पकडलंत. अर्धी लेव्हल पाण्याची, शेवट हाताचा. माझं म्हणणं, पाण्यात गेलं की लाइफ गेली, फ्रायगायला लागलं तर हृदय जातं. म्हणून प्रिन्सेसच. फक्त तिच्याकडून टोडसारखं काम करून घेऊ नका. फ्रायगाय वर तरंगत असताना धावपळ न करता एकेक ठोकळा फेकायचा. आणि तो फुटायच्या बेताला आला की एक-दोन ठोकळे जमिनीवर असे रचून ठेवायचे की त्यांच्यावर उभं राहता येईल. चार छोट्या ज्वाळा खाली उधळतात तेव्हा वरून तरंगत त्यांची चाल बघायला निवांत वेळ मिळतो. मग सवडीने एकेक. एक गोष्ट विसरू नका, फ्रायगाय मोठा असतानाच सगळे ठोकळे उधळून टाकू नका. छोट्यांसाठी चार तरी राखायला हवेत. ठोकळा नेम चुकून लांब गेला की तो आणायला त्यांच्यामधूनच जावं लागतं.

अगदीच अडलं तर ४-३ आणि ६-१ ची अदलाबदल करा, टोड ४-३ ला आणि प्रिन्सेस ६-१ ला. बेरीज बिघडत नाही. मी सुचवणार नाही, किल्ली घेऊन रखडणारी प्रिन्सेस आणि मागे फँटो हे बघवत नाही.

हृदयांचं: लेव्हलमध्ये दोन मशरूम लपवलेले असतात, दोन्ही मिळाले तर दोनाची चार हृदयं होतात. पुढच्या लेव्हलला मात्र पुन्हा दोनावरूनच सुरुवात. मशरूम दिसतो तो औषध फेकून उघडलेल्या दारापलीकडे, त्या उलट्या सावलीच्या जगात. पण ठरलेल्या जागेच्या जवळ औषध फेकलं तरच. म्हणून औषध उपटल्या उपटल्या तिथेच फेकायचं नाही, हातात घेऊन पुढे-मागे जायचं आणि जिथे जमीन उगाचच मोकळी, उगाचच मोक्याची वाटते तिथे फेकायचं. हेही ओझं वाहण्याचंच काम, त्यामुळे टोडला चार हृदयं मिळवणं सगळ्यांत सोपं जातं, हा त्याचा छुपा फायदा.

त्या सावलीच्या जगात गवत उपटलं की भाजीऐवजी नाणी मिळतात. ती लेव्हलनंतरच्या फिरत्या चक्रांच्या खेळात लागतात. पहिल्या खिडकीत चेरी थांबली तरी एक लाइफ पदरात पडते. कंटिन्यू वापरायचा नाही असं ठरवलंत ना, मग टोडच्या लेव्हलमध्ये नाणी जमवून घ्या. तो झरझर उपटतो आणि तिथे मिळणारा वेळ मोजकाच असतो. प्रिन्सेस तेवढ्यात दोन-तीन गवतं उपटेपर्यंत पडदा परत उलटतो.

७-२ बद्दल एक सावधगिरी. शेवटी बर्डोनंतर स्फटिकाचा गोळा घेतल्यावर दारावरचा गरुडाचा मुखवटा नेहमीसारखा तोंड उघडून थांबत नाही, तो अंगावर येतो. लेव्हलभर सवय लागलेली असते की तोंड उघडलं म्हणजे आत शिरायचं. त्याला आधी मशरूमच्या ठोकळ्यांनी गप्प करायचं आणि मगच आत. वार्टपर्यंत हृदयं शाबूत राखायची तर इथे घाई नको.

---

कुरकुर

ठीक आहे, राफाएलवरून मला खलनायक ठरवल्यावर मीही लुइजीला घेऊन ७-१ खेळून बघेन म्हणतो. ढगांवर मी प्रिन्सेसशिवाय कधी पाऊल टाकलेलं नाही.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे मूळ एनईएसची नाही, गेम बॉय अॅडव्हान्सची सुपर मारिओ अॅडव्हान्स आहे. हीच वाटणी तिथे चालेल का?

---

तळटीप

बऱ्याच अंशी चालेल. ती २००१ ची आवृत्ती, लेव्हल त्याच आहेत आणि चौघांचे स्वभावही तेच. पण वजाबाकींच्या अटी तिथे सैल पडतात. लाइफ गेल्यावर नायक बदलता येतो (१९९३ च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्समध्येही तसंच आहे), प्रगती साठवता येते, आणि अवाढव्य भाज्यांसारखी भरही आहे. म्हणजे ५-५-५-५ साठी "सुरू केली त्यानेच संपवली" ही अट तुम्हाला स्वतःवर घालून घ्यावी लागेल.

यादीतली एक जागा मात्र बदलून बघा. ३-३ च्या शेवटी तिथे माउजर नाही, रोबर्डो नावाची यांत्रिक बर्डो आहे. तिच्यासाठीही लुइजीच नेणार असाल तर आधी एकदा नुसतं खेळून बघा आणि मग ठरवा.